एप्रिलपर्यंत

“आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” असं त्या बाईनं पुन्हा सांगितलं आणि पियानोचं तेच गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

“महत्त्वाचा आहे तर उचल की मग, बये,” स्टेफ्का म्हणाली. फोन तिनं पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि तिचे दोन्ही हात पिठात माखलेले होते. चर्चच्या तळघरात गुरुवारच्या पिरोग्या, म्हणजे उकडायच्या करंज्या, चालल्या होत्या. लांबलचक टेबलाभोवती बायका बसलेल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. एकीनं पारी लाटायची, दुसरीनं बटाट्याचं सारण भरायचं, तिसरीनं कडा दाबून तोंड बंद करायचं. या पिरोग्या विकून ब्रोडीना गावातल्या चर्चचं छप्पर, हिवाळ्यातलं तेल आणि फादरांचा पगार एवढं सगळं निघायचं. युद्ध सुरू झाल्यापासून किव्हकडून पळून आलेल्या माणसांच्या गाद्या आणि बूटही त्यातूनच निघत होते.

“ते गाणं मला आता पाठ झालंय,” शेगडीपाशी उभा असलेला मायरॉन म्हणाला. “रविवारी उपासनेत म्हणूया का आपण सगळे?”

बायका हसल्या. मायरॉन चर्चच्या मंडळीचा अध्यक्ष. बटाटे उकडायचं काम त्याच्याकडे आणि टोमणे मारायचंही. स्टेफ्कानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. समोरच्या आरशातून पोरांना गप्प करायची ती नजर निवृत्त झाल्यावरही तिच्याकडेच राहिली होती.

एवढ्यात गाणं थांबलं आणि एका तरुण मुलाचा आवाज आला. स्टेफ्का फोनवर जवळजवळ ओणवी झाली.

“झोर्याना कोवालिशिन हिच्या कामाच्या परवान्याबद्दल विचारायचंय. मुदतवाढीचा अर्ज करून बसलोय. वर्ष होत आलं.”

“अर्जदार आपल्या शेजारी आहेत का?”

“ती कामावर आहे. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालतेय.”

“मग मला माहिती देता येणार नाही, मॅडम.”

“माहिती नको रे मला. कागद निघाला की नाही एवढंच सांग.”

“तीच माहिती आहे, मॅडम.”

“ती कामावर असते तेव्हा तुम्ही उघडे असता आणि ती घरी येते तेव्हा तुम्ही बंद. तिनं कधी करायचा फोन? कामावरून काढून टाकल्यावर?”

“मी आपली अडचण समजू शकतो,” मुलगा म्हणाला. तो ते वाक्य वाचून दाखवत होता हे तळघरातल्या सगळ्या बायकांना कळलं. स्टेफ्कानं पिठाच्या बोटानंच फोन बंद केला आणि पुढ्यातली पारी इतक्या जोरात दाबली की सारण बाहेर आलं. शेजारच्या बाईनं ती पिरोगी बाजूला ठेवली.

झोर्याना आणि तिची मुलगी सोलोमिया पोल्टाव्याहून आल्या, त्याला तीन हिवाळे झाले होते. आल्या तेव्हा मॅनिटोबाची हाडं गोठवणारी थंडी पडली होती आणि दोघींच्या पायांत कापडी बूट होते. स्टेफ्का तिच्या जुन्या गाडीतून विनिपेगच्या विमानतळावर त्यांना आणायला गेली होती, ती खरं तर एका महिन्यासाठी. पाठीमागच्या खोलीत राहतील, काम मिळालं की आपली सोय बघतील, असा हिशेब. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगा कॅल्गरीला, दुसरा व्हँकुव्हरला. घरात फ्रिजचा आवाज तेवढा सोबतीला. महिन्याचे तीन महिने झाले, मग तो विषय कुणी काढला नाही. तिकडे भूगोल शिकवणारी झोर्याना इथं म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला शिकली. आठ वर्षांची सोलोमिया अकरा वर्षांची झाली, बर्फावरच्या हॉकीत मुलांना मागे टाकू लागली आणि स्टेफ्काला आजी म्हणू लागली.

झोर्यानाचा नवरा रोमान तिकडेच राहिला होता. वीजमंडळात तारा जोडणारा माणूस. बॉम्बनं तुटलेल्या तारा तो जोडायचा, पुन्हा तुटल्या की पुन्हा जोडायचा. युद्ध चालू असेपर्यंत त्याच्या वयाच्या पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती. रोज सकाळी शाळेच्या आधी सोलोमिया फोनवर त्याच्याशी बोलायची. वीज असली तर तो दिसायचा, नसली तर नुसता आवाज यायचा.

दोघींचे परवाने डिसेंबर संपता संपता संपत होते. मुदतवाढीचा अर्ज त्यांनी वेळेच्या कितीतरी आधी केला होता. नव्या पासपोर्टचाही केला होता, पण तो किव्हमध्ये तयार होऊन यायचा होता आणि जुना एप्रिलमध्ये संपत होता. “संपेना का,” स्टेफ्का म्हणाली होती, “तोवर नवा येईल. आधी परवान्याचं बघू.” त्यात काही चूक आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी स्टेफ्का धुमसतच घरी आली. झोर्याना ओट्यापाशी बीट किसत होती. स्टेफ्कानं कोट काढता काढता विषय बदलायचा म्हणून विचारलं, “पवित्र सांजेला, नाताळच्या आदल्या रात्री, यंदा मासा कुठला आणायचा गं? गेल्या खेपेचा अगदीच काट्यांचा निघाला.”

“नेहमी मिळतो तोच आणा,” झोर्याना म्हणाली. “चोवीसला ताजा मिळेल.”

“चोवीसला कशाला? आपला नाताळ जुन्या पंचांगाचा. सहा जानेवारीला.”

झोर्यानानं किसणी खाली ठेवली. “मावशी, दोन वर्षं मी बोलले नाही. तुमचं घर, तुमचा सण, मी मुकाट्यानं जेवले. पण आता तिकडे सगळ्यांनी मॉस्कोबरोबरची जुनी तारीख सोडून डिसेंबरची धरली. रोमान चोवीसला एकटा बसून जेवतो. मॉस्कोच्या तारखेला माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

“मॉस्कोच्या?” स्टेफ्काचा कोट हातातच राहिला. “माझा आजोबा तिकडच्या बुकोविना भागातून एक पेटी घेऊन इथं आला. मॉस्को त्यानं डोळ्यांनी पाहिलं नाही. पहिला हिवाळा जमिनीत खड्डा करून त्यावर गवत घालून काढला त्यानं, आणि त्या खड्ड्यात सहा जानेवारीला बारा पदार्थ मांडले. बारा नसतील, चार असतील. पण सहा जानेवारीलाच! इथल्या शाळेत मास्तरणीनं आईला छड्या मारल्या, जुन्या नाताळला शाळा बुडवते म्हणून. आणि तू मला सांगतेस ही मॉस्कोची तारीख?”

“मी तुमच्या आजोबांना काही म्हटलं नाही.”

“तेवढंच राहिलं होतं!”

बाहेरच्या खोलीतून सोलोमियानं डोकं आत घातलं. “दोन्ही दिवशी जेवलं तर काय होईल?” असं तिनं विचारलं. दोघीही तिच्यावरच ओरडल्या. मग चार दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. स्टेफ्काला राग झोर्यानाचा आला होता की फोनवरच्या त्या मुलाचा, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण मुलगा हाताशी नव्हता आणि झोर्याना होती.

अबोला मोडला तो बर्निसमुळे. बर्निस वृद्धाश्रमाची व्यवस्थापक. मनानं वाईट नाही, सणावाराला सगळ्यांना केक आणणारी. पण वरच्यांच्या आज्ञेबाहेर पाऊल टाकायची नाही. तिनं झोर्यानाला बोलावलं, आणि झोर्याना कधी नव्हे ते स्टेफ्काला म्हणाली, “मावशी, बरोबर याल का?”

“झोर्यानासारखी माझ्याकडे दुसरी कुणी नाही,” बर्निस म्हणाली. “म्हातारे तिच्या हातून खातात. पण मुख्य कार्यालयाच्या संगणकात परवान्याची तारीख भरावी लागते. एक जानेवारीला ती तारीख गेलेली असेल. मग मला तिचं नाव पाळीवर लावताच येत नाही.”

“अर्ज आधी केला असेल तर उत्तर येईपर्यंत काम करता येतं,” स्टेफ्का म्हणाली. “कायदा आहे तसा. मी छापून आणलाय.” तिनं पर्समधून घड्या घातलेले कागद काढले.

बर्निसनं ते वाचले. “मला माहीत आहे, स्टेफ्का. मी त्यांना पाठवलंसुद्धा. ते म्हणतात, कायदा बरोबर आहे, पण संगणकात तशी जागा नाही.”

“जागा नाही म्हणजे?”

“तारीख भरायची चौकट आहे. ‘उत्तराची वाट पाहतोय’ असं लिहायला चौकट नाही.”

स्टेफ्काला हसावं की टेबल उलटं करावं ते कळेना. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. झोर्याना मात्र शांतपणे उठली, बर्निसला धन्यवाद म्हणाली आणि चार नंबरच्या म्हाताऱ्याला औषध द्यायचं राहिलंय म्हणून निघून गेली. स्टेफ्का तिच्या पाठीकडे पाहत राहिली. ही बाई तीन वर्षं सगळ्यांना धन्यवादच म्हणत आलीये, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. गादीला, बुटांना, जुन्या कोटांना, कुणी काही न देता नुसतं हसलं तरीसुद्धा.

घरी परतताना स्टेफ्का गाडी चालवत होती. रस्त्यावरून बर्फाचा भुगा सरपटत होता. रेल्वेचं फाटक ओलांडल्यावर स्टेफ्का समोर बघतच म्हणाली, “चोवीसला करूया.”

“काय?”

“जेवण, दुसरं काय! सहा तारखेला तुम्ही कुठे असाल, कुणाला माहीत. चोवीसला असाल. बारा पदार्थ करीन, कमी नाही. फक्त त्या मायरॉनला सांगू नकोस.”

झोर्याना तिच्याकडे वळली. तिनं हातमोजा काढला आणि स्टेफ्काच्या कोटाची बाही घराचं वळण येईपर्यंत धरून ठेवली.

मायरॉनला सांगायची गरजच पडली नाही. ब्रोडीनात एकच दुकान आहे, आणि तिथं डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्टेफ्का हुमेन्यूक खसखस, सुके मश्रूम आणि मासा घेते म्हटल्यावर गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? दोन वर्षांपूर्वी मंडळीत तारखेवरून मतदान झालं होतं. जुनीच तारीख ठेवायची म्हणून सगळ्यांत मोठ्यानं भांडली होती ती स्टेफ्काच. मायरॉनला तर सावकाराला पळालेला कर्जदार सापडावा तसा आनंद झाला.

“काय स्टेफ्का, ऐकतो ते खरं? देव तुझ्याकडे आधी जन्मणार, आमच्याकडे मागून?”

“माझ्याकडे पाहुणे आहेत. त्यांच्या सवडीनं जन्मेल.”

“तुझी आई असती तर…”

“तर तिनं तुला बटाट्याच्या पातेल्यात बुडवला असता. बाजूला हो.”

ती ताडताड निघून आली खरी, पण गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं. सबंध आयुष्यात तिनं एकही सहा जानेवारी चुकवली नव्हती. नवऱ्याच्या आजारपणात नाही, की बर्फात रस्ते बंद झाले तेव्हा नाही. तिची स्वतःची मुलं पंचवीस डिसेंबरला सुट्टी मिळते म्हणून तेव्हाच काय तो केक कापायची आणि जानेवारीत फोन करायची; त्यावरूनही ती त्यांना वाट्टेल ते बोलली होती. आणि आता कुण्या परक्या पोरींसाठी ती स्वतःच आजोबाला पाठ दाखवत होती. परक्या हा शब्द मनात आला तसा तिला स्वतःचाच राग आला आणि तिनं गाडी चालू केली.

चोवीसला दुपारी चारच्या पुढे अंधारून आलं. पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायचं नाही, म्हणून सोलोमिया कोट घालून अंगणात जाऊन उभी राहिली. टेबलक्लॉथखाली गवत पसरलेलं. वर मध आणि खसखस घातलेली गव्हाची खीर, बिनमांसाचं बीटाचं सार, कोबीच्या पानांतला भात, मासा, मश्रूम, फरसबी, सुक्या आलुबुखारांचं पाणी, आणि अर्थात पिरोग्या. एक ताट गेलेल्यांसाठी रिकामं. त्याच्या शेजारी झोर्यानानं आणखी एक रिकामं ताट मांडलं.

“हे कुणाचं?”

“रोमानचं.”

“तो जिवंत आहे गं! जिवंत माणसाचं ताट रिकामं नाही ठेवायचं.” स्टेफ्कानं ते ताट उचललं, भरलं आणि भरलेलं ताट जागेवर ठेवलं. झोर्यानानं तोंड फिरवलं.

“दिसली! दिसली!” सोलोमिया दार ढकलून आत आली. तिच्यामागून थंडीचा लोट आला.

स्टेफ्काच्या घरची एक रीत होती. खिरीचा पहिला चमचा घरातल्या कर्त्यानं छताकडे उडवायचा. गहू चिकटले की वर्ष चांगलं जाणार. पोल्टाव्याकडच्या या दोघींनी हे असलं काही कधी पाहिलं नव्हतं. चमचा स्टेफ्कानं सोलोमियाच्या हातात दिला. तिनं हॉकीच्या काठीनं मारावा तसा फटका मारला. अर्धी खीर छताला, अर्धी स्टेफ्काच्या केसांत.

“चिकटली! आजी, चिकटली! आता कागद येणार!”

झोर्याना हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, मग डोळे पुसत. तिला असं हसताना स्टेफ्कानं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिघी गायल्या. दोन्हीकडची गाणी तीच होती, चाली तेवढ्या थोड्या वेगळ्या. जिथं जुळेना तिथं स्टेफ्कानं आपली चाल सोडली. “हाच आपला नाताळ,” ती सोलोमियाला म्हणाली. “यापुढे हाच. कळलं?” आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं.

कागद आला. त्यानंतरच्या सोमवारी, झोर्याना कामाला निघायच्या तयारीत असताना फोन वाजला आणि सोलोमियानं तो उघडला. “मंजूर!” ती किंचाळली. “आई, मंजूर झालाय! आजी!” स्टेफ्का हातातलं फडकं टाकून धावत आली. तिनं झोर्यानाला मिठी मारली, पोरीला मिठी मारली, मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि परत आली. तोवर झोर्याना खुर्चीवर बसली होती.

“काय झालं?”

“एप्रिलपर्यंत आहे.”

“कुठल्या एप्रिलपर्यंत?”

“या, येत्या.”

स्टेफ्कानं चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. पासपोर्ट ज्या दिवशी संपत होता, बरोबर त्याच दिवशी परवानाही संपत होता. त्यापुढचा एक दिवसही नाही. मग फोन, मग पियानो, मग आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. या वेळी अर्जदार शेजारी होती, त्यामुळे माहिती मिळाली. परवाना पासपोर्टच्या पुढे जाऊ शकत नाही. नवा पासपोर्ट आला की नवा अर्ज करायचा. हो, पहिल्यापासून. हो, शुल्कही. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

“हे अर्ज केला तेव्हा का नाही सांगितलं?” स्टेफ्कानं विचारलं.

“संकेतस्थळावर आहे, मॅडम.”

“वर्षभर तुम्ही तो अर्ज उबवत बसलात! कोंबडीसुद्धा तीन आठवड्यांत पिल्लू देते!”

“मी आपली अडचण समजू शकतो.”

बर्निसला फोन केला. तिला खरंच आनंद झाला. संगणकातली चौकट आता भरता येणार होती. पण मग ती अडखळली. कायमच्या पाळ्या सहा महिन्यांच्या लावतात, ती म्हणाली, तीन महिन्यांच्या माणसाला त्यात धरत नाहीत. कुणी आजारी पडलं तर बदली म्हणून बोलावता येईल. आणि एप्रिलमध्ये पुन्हा बघू.

“पुन्हा बघू,” झोर्याना म्हणाली. तिनं कामाचा निळा सदरा काढला, नीट घडी केली आणि तो मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

दोन दिवस ती असं काहीबाही करत राहिली. कपाटं पुसली, सोलोमियाचे कपडे धुतले. तिसऱ्या दिवशी पोरगी बर्फावर खेळायला गेली असताना ती म्हणाली, “मावशी, आम्ही जातोय.”

“विनिपेगला?”

“घरी. पोल्टाव्याला. चार तारखेचं विमान आहे, वॉर्सापर्यंत. पुढे गाडीनं.”

स्टेफ्काला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग तिचा जो भडका उडाला तो उडालाच. “वेड लागलंय का तुला? तिथं रोज रात्री सायरन वाजतात! पोरीला घेऊन जातेस? तीन वर्षं कशासाठी ठेवलं तिला इथं, पुन्हा तळघरात झोपवायला? मी करते काहीतरी. खासदाराच्या कचेरीत जाऊन बसते. पिरोग्यांवर जगू आपण, त्यात काय! नवा पासपोर्ट येईल, पुन्हा अर्ज करू…”

“पुन्हा अर्ज करू,” झोर्याना म्हणाली. “मग तो ऑगस्टपर्यंत असेल. मग आणखी कुठपर्यंत. मावशी, मी दुधाची पिशवी आहे का? ज्याला त्याला माझ्यावरची तारीख बघायची असते. खोली शोधायला गेलं की घरमालक बघतो, बँक बघते, शाळा बघते. सोलोमियाला पुढच्या हंगामाच्या संघात घ्यायचं तर तेसुद्धा विचारतात, असेल ना पुढच्या वर्षी? ती आता मित्रमैत्रिणी करत नाही, तुमच्या लक्षात आलंय?”

ते स्टेफ्काच्या लक्षात आलं नव्हतं.

“तिथं बॉम्ब पडतात,” ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

“पडतात. मला भीती वाटते. मी शूर नाही. पण तिथं कुणी मला विचारत नाही, कधीपर्यंत आहेस म्हणून.” ती थांबली. “आणि रोमान आहे. पोरगी त्याच्या खांद्याएवढी झाली आणि त्याला ते माहीत नाही. फोनवर उंची दिसत नाही. इथं आम्हाला राहू देणार असते तर मी मन घट्ट करून राहिले असते, तिच्यासाठी. पण तीन-तीन महिन्यांसाठी मी त्याला किती दिवस सोडून राहू?”

यावर स्टेफ्काकडे उत्तर होतं, दहा उत्तरं होती. ती सगळी तिनं दिली. भांडली, हात जोडले, शेवटी म्हणाली, “त्या पासपोर्टचं मीच म्हटलं होतं ना, संपेना का म्हणून. माझी चूक झाली.”

“नाही हो,” झोर्याना म्हणाली. “धन्यवाद, मावशी.”

“धन्यवाद म्हणू नकोस मला!” स्टेफ्का ओरडली. “सगळ्यांना म्हण, मला म्हणू नकोस!”

चार तारखेला पहाटे निघायचं होतं. निघण्यापूर्वी प्रवासाच्या रीतीप्रमाणे तिघी बॅगांवर क्षणभर गप्प बसल्या. सोलोमियानं स्केट्स बरोबर घेतले. बाकी बरंच काही मागे राहिलं. विमानतळावर ती स्टेफ्काच्या कोटात तोंड खुपसून रडली आणि म्हणाली, “आजी, तू ये.” स्टेफ्का म्हणाली, “येईन की. माझ्या पासपोर्टला अजून पाच वर्षं आहेत.” बोलल्यावर तिला स्वतःच्या जिभेचा संताप आला. झोर्याना मात्र किंचित हसली. परतीच्या वाटेवर वारा सुटला होता आणि रस्ता दिसत नव्हता. स्टेफ्कानं गाडी कशी चालवली ते तिचं तिलाच ठाऊक.

सहा जानेवारीला दिवसभर तिनं खिडकीपाशी बसून विणकाम केलं. वॉर्साहून गाडी सुटल्याचा निरोप आला होता, त्यानंतर काही नाही. समोरच्या घरांतून तळणाचा वास येत होता. अंधार पडला, चांदणी निघाली. तिनं डबल रोटी भाजली, चहा केला आणि एरवीसारखी ओट्यापाशी उभ्यानं खाल्ली. मनात आलं असतं तर पिरोग्या गोठवलेल्या होत्या, गहूही शिल्लक होते. पण पोरीला सांगितलं होतं, हाच आपला नाताळ. त्या गेल्यावर दोन दिवसांत ते फिरवायचं म्हणजे त्या दोघी आल्याच नव्हत्या असं म्हणण्यासारखं झालं असतं.

सात वाजता अंगणात गाड्यांचे दिवे वळले. चर्चचे गाणारे दरवर्षी घरोघर फिरायचे आणि स्टेफ्काच्या घरी शेवटी यायचे, कारण तिथं जेवण असायचं. आणि तिथं स्टेफ्का त्यांच्या गाण्यात सामील व्हायची. तिनं दार उघडलं. पायरीवर मायरॉन, मागे गुरुवारच्या बायका, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

“ख्रिस्त जन्मला!” मायरॉन म्हणाला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. टेबलावर मेणकापड आणि चहाचा एक कप. “हे काय? पानं नाही मांडलीस?”

“आमचं झालं,” स्टेफ्का म्हणाली.

“कधी?”

“चोवीसला.”

मायरॉनच्या ओठांवर टोमणा आलेला तिनं पाहिला. तो त्यानं गिळला. त्यानं टोपी काढली, एवढ्या थंडीत. “पोहोचल्या का त्या?” त्यानं विचारलं.

“अजून कळलं नाही.”

मागच्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. मग स्टेफ्का म्हणाली, “गा ना तुम्ही. एवढे थंडीत आलात.”

ते गायले. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ एकट्या बाईनं उचलायची असते. ब्रोडीनात ती ओळ चाळीस वर्षं स्टेफ्काचीच. तिथं येऊन सगळे सवयीनं थांबले आणि तिच्याकडे पाहू लागले. ती दाराची कड धरून, मान थोडी झुकवून उभी होती, दुसऱ्याच्या सणाला माणूस आदरानं उभा राहतो तशी. घरातली ऊब तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर जात होती. मायरॉननं थोडा वेळ वाट पाहिली. मग घसा खाकरून, त्याच्या फाटक्या आवाजात, ती ओळ त्यानंच म्हटली.